भीमगडच्या वाटेवरची विष्ठा: नमुना कसा घ्यावा

विष्ठेवरून शिकारी प्राणी कोणता आणि त्यानं काय खाल्लं ते कळतं. बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या भीमगडच्या जंगलात, जांबोटी-कणकुंबीकडे, ती गोळा करायचं काम पावसाळ्यात काढू नका. एका रात्रीच्या पावसात विष्ठा विरघळते, उरलेली शेणकिडे नेतात. नोव्हेंबरनंतर निघा. कर्नाटक वनखात्याची लेखी परवानगी आधी खिशात हवी.

पायवाटेच्या तिठ्यावर एकाच जागी बरेच ढीग दिसले तर बहुधा रानकुत्र्यांचा कळप. बिबट्याची विष्ठा सहसा एकटी पडलेली असते. पण नुसत्या आकारावरून प्राणी ठरवू नका, तिथंच जास्त चुका होतात, खात्री डीएनएवरूनच.

हातमोजे आणि मास्क घाला, कारण विष्ठेत जंतांची अंडी असू शकतात. प्रत्येक नमुन्याला हातमोजे नवे. डीएनएसाठी वरचा चकचकीत थर खरवडा. प्राण्याच्या आतड्याच्या पेशी तिथं असतात, आतला भाग त्यानं खाल्लेल्या जनावराचा. खरवडलेलं शुद्ध इथेनॉलच्या बाटलीत, नमुन्याच्या निदान तिप्पट द्रावात बुडवा. चिठ्ठी पेन्सिलीनंच लिहा आणि बाटलीच्या आत टाका. पेनाची शाई इथेनॉलमध्ये उतरते, मग आठवडाभराची पायपीट कोऱ्या कागदावर संपते. तारीख आणि जीपीएस वहीतही उतरवा.

उरलेला भाग कागदी पिशवीत. प्लास्टिकमध्ये बुरशी धरते. प्रयोगशाळेत तो १ मिमीच्या चाळणीत वाहत्या पाण्याखाली धुवा, वाळवा, आणि २० केस कुठूनही उचला. निवडून उचलाल तर ठळक केसच हाती येतात. त्यांचा गाभा सूक्ष्मदर्शकाखाली ओळखीच्या केसांशी ताडला, की सांबर होतं की गावातलं वासरू ते कळतं.