मृगाआधीची मशागत : महाराष्ट्रातील ऋतूंप्रमाणे मोटारीची निगा

मृग नक्षत्र साधारण ७ जूनच्या सुमारास लागते आणि शेतकरी त्याआधीच नांगरणी-वखरणी उरकून, बांध नीट करून, बियाणे घरात आणून ठेवतो. पाऊस सुरू झाल्यावर मशागतीला निघणाऱ्या माणसाला गाव हसते. मोटारीच्या बाबतीत मात्र आपण नेमके तेच करतो. वायपरचे रबर गेले आहे हे पहिल्या वळवाच्या सरीत कळते, कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, संपल्याचे एप्रिलच्या दुपारी घाट चढताना कळते आणि बॅटरी थकल्याचे डिसेंबरातल्या एखाद्या पहाटे, गावी निघण्याच्या घाईत कळते. पुढील ऋतूची तयारी मागील ऋतूच्या शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत करणे, एवढी एकच शिस्त पाळली तर निम्मी दुखणी टळतात. ती कशी पाळावी, याचा हा तपशील आहे.

उन्हाळ्याची तयारी गुढीपाडव्याच्या आसपास संपलेली असावी आणि तिचा आरंभ कूलंटपासून करावा. बॉनेट उघडल्यावर कूलंटची अर्धपारदर्शक टाकी दिसते आणि तिच्यावर कमाल व किमान अशा दोन खुणा असतात. इंजिन पूर्ण थंड असताना पातळी या दोहोंच्या मध्ये असली पाहिजे. कूलंट म्हणजे बर्फाळ प्रदेशातील गाड्यांचे औषध, आपल्याकडे साधे पाणी पुरते, असा समज अजूनही पुष्कळ ठिकाणी ऐकू येतो. तो चुकीचा आहे, कारण कूलंट पाण्याचा उत्कलनबिंदू वाढवतो आणि आतील धातूला गंज चढू देत नाही, आणि या दोन्ही गोष्टींची गरज चंद्रपूर-अकोल्याकडच्या ४५ अंशांच्या उन्हात जास्तच असते. बोअरवेलच्या जड पाण्याने रेडिएटरच्या, म्हणजे कूलंट निववणाऱ्या भागाच्या, बारीक नळ्यांत क्षार साचतात, म्हणून तीव्र कूलंट घेतले असेल तर ते डिस्टिल्ड वॉटरमध्ये सामान्यतः निम्मेनिम्मे मिसळावे, आणि तयार मिश्रण घेतले असेल तर त्यात काहीही न मिसळता ओतावे. पातळी महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा पुन्हा खाली जात असेल तर नुसती भर घालत न बसता गळती शोधून घ्यावी. घाटात तापमानाचा काटा वर चढू लागला तर एसी बंद करून गाडी बाजूला घ्यावी, इंजिन निवण्यास किमान अर्धा तास द्यावा आणि तोवर रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नये. आत दाबाखाली असलेले उकळते पाणी थेट तोंडावर येते.

टायरमधील हवेविषयीही असाच एक गैरसमज आहे. उन्हाळ्यात हवा तापून फुगते, म्हणून दोन-तीन पौंड हवा कमीच ठेवावी, असे पंपावरचा मुलगाही सांगतो. प्रत्यक्षात कमी हवेच्या टायरच्या भिंती प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकतात, त्या वाकण्याने टायर आणखी तापतो आणि समृद्धी महामार्गासारख्या लांबलचक काँक्रीटच्या रस्त्यावर, ताशी १०० किलोमीटरहून अधिक वेगात, तोच फुटण्याची शक्यता वाढते. चालकाच्या दरवाजाच्या चौकटीवर किंवा गाडीच्या माहितीपुस्तकात जो दाब लिहिलेला असतो, तो थंड टायरसाठीच असतो आणि उन्हात होणारी वाढ त्यात धरलेली असते. म्हणून सकाळी, गाडी दोन-तीन किलोमीटरहून जास्त चाललेली नसताना हवा तपासावी आणि स्टेपनीही त्याच वेळी पाहावी, कारण गरज पडते तेव्हा बहुधा तिच्यातच हवा नसते. टायरच्या बाजूवर कोरलेल्या शेवटच्या चार आकड्यांवरून त्याचा जन्म कळतो : २३२१ असे असेल तर तो २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. नक्षी शाबूत दिसत असली तरी रबर कडक होऊन बाजूला बारीक भेगा पडल्या असतील, तर तो टायर लांबच्या प्रवासाला नेऊ नये.

एसीचे गार वारे कमी झाले की गॅस संपला असे गृहीत धरून गॅस भरून घेण्याची घाई केली जाते. बंदिस्त यंत्रणेतील गॅस आपोआप संपत नसतो. तो कमी झाला असेल तर कोठेतरी गळती आहे आणि ती न शोधता भरलेला गॅस पुढच्या वर्षी पुन्हा भरावा लागतो. त्याआधी केबिन फिल्टर, म्हणजे आत येणारी हवा गाळणारी जाळी, काढून पाहावा. वर्षभराची धूळ त्यात बसलेली असते आणि बहुतेक गाड्यांत तो डॅशबोर्डच्या कप्प्यामागून पाच मिनिटांत निघतो. रेडिएटरच्या पुढे असलेला, एसीचा गॅस थंड करणारा कंडेन्सर कमी दाबाच्या पाण्याने धुवावा, कारण जोरदार फवाऱ्याने त्याच्या पातळ पात्या मुडपतात. दर उन्हाळ्यात मोबाइलवर फिरणारा, पेट्रोलची टाकी पूर्ण भरल्यास स्फोट होतो हा संदेश मात्र सोडून द्यावा. पंपाची नळी आपोआप बंद होते तेथे थांबले की इंधनाच्या प्रसरणासाठी लागणारी जागा टाकीत उरलेलीच असते.

मे महिन्याचे शेवटचे दोन आठवडे पावसाळ्याच्या तयारीचे. वायपरच्या रबरापासून सुरुवात करावी, कारण दोन महिन्यांच्या उन्हाने ते वाळून कडक झालेले असते आणि कडक रबर पाणी पुसण्याऐवजी काचेवर फरांटे ओढते. पात्या मेअखेरीस नव्या बसवाव्यात. खर्च थोडा असतो आणि रात्री कशेडी घाटात समोरून ट्रकचे दिवे येत असताना या खर्चाचा हिशेब आठवत नाही. काचेच्या आतील बाजूवर साचलेला तेलकट थर ओल्या कपड्याने पुसून घ्यावा, कारण पावसात काच धुरकट होण्यास तो हातभार लावतो.

टायरच्या नक्षीची खोली मोटारीसाठी कायद्याने किमान १.६ मिलिमीटर असावी लागते. खाचांच्या तळाशी या उंचीचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. माझे मत विचाराल तर कोकणात किंवा घाटावर राहणाऱ्याने तेवढी वाट पाहू नये आणि खोली ३ मिलिमीटरच्या आत आल्यावर पावसाळ्यापूर्वीच टायर बदलावेत, कारण रस्त्यावरील पाणी बाजूला सारण्याचे काम या खाचाच करतात आणि त्या उथळ झाल्या की गाडी पाण्याच्या थरावर तरंगू लागते.

ब्रेक पॅडबरोबर ब्रेक ऑइलचाही विचार करावा. हे द्रव हवेतील ओलावा शोषून घेते आणि ओलावा मुरला की ते कमी तापमानाला उकळते. घाट उतरताना ब्रेक सतत दाबले गेले तर त्यात वाफेचे बुडबुडे होऊन पायाखालचे पेडल मऊ पडते. कंपनीने वेगळी मुदत दिलेली नसेल तर ते दर दोन वर्षांनी बदलावे. घाट ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरावा, हे जुन्या चालकांचे सांगणे आजही खरे आहे.

आता दोन जागा अशा सांगतो, ज्या सर्व्हिसिंगच्या यादीत सहसा नसतात. समोरच्या काचेच्या खाली, बॉनेटच्या मागील कडेला जाळीची पट्टी असते. गुलमोहराच्या किंवा कडुनिंबाच्या सावलीत उभ्या राहणाऱ्या गाडीत या जाळीखाली पानांचा आणि पाकळ्यांचा चोथा साचतो, पाण्याची वाट बुजते आणि पाणी केबिनमध्ये शिरते. माझ्या गाडीत एका जुलैमध्ये पायाखालचे मॅट सतत ओले राहू लागले तेव्हा एका गॅरेजने दरवाजाची रबरे बदलून त्याचे पैसे घेतले. पाणी तरीही येत राहिले, आणि शेवटी त्या जाळीखालून मूठभर कुजलेली पाने मीच काढली. दुसरी जागा म्हणजे दरवाजांच्या तळाशी असलेली बारीक छिद्रे. काचेवरून आत उतरलेले पाणी तेथून बाहेर पडते. ती मातीने बुजली तर दरवाजा आतून गंजतो आणि गंज बाहेर दिसतो तेव्हा पत्रा गेलेला असतो. लाकडी काडीने ती मोकळी करावीत.

अलिबाग, रत्नागिरी, मालवण अशा किनारी गावांत राहणाऱ्यांनी गाडीच्या तळाला गंजरोधक लेप अवश्य द्यावा, मात्र तो तळ धुऊन पूर्ण वाळल्यावर, म्हणजे मे महिन्यातच. ओल्या किंवा आधीच गंजलेल्या पत्र्यावर दिलेला लेप गंज आत झाकून ठेवतो.

विम्याची कागदपत्रेही याच आठवड्यात वाचावीत. पाण्यात बंद पडलेले इंजिन पुन्हा सुरू करण्याच्या प्रयत्नात झालेले नुकसान साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत बहुधा नाकारले जाते. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घ्यावे लागते. याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. पाणी हवेसारखे दाबले जात नाही, त्यामुळे हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी शिरल्यावर चावी फिरवली तर पिस्टन त्यावर आदळतो आणि त्याला जोडलेला दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, वाकतो. म्हणून पाण्यात इंजिन बंद पडले तर चावी पुन्हा फिरवूच नये. गाडी ढकलून बाहेर काढावी आणि टो करून न्यावी. रस्त्याची कड दिसत नसेल किंवा पाणी चाकाच्या निम्म्या उंचीच्या वर असेल तर पुढे जाऊ नये. जाणे भागच पडले तर पहिल्या गिअरमध्ये, न थांबता, एकसारख्या संथ वेगाने जावे आणि बाहेर आल्यावर ब्रेक तीन-चार वेळा हलके दाबून कोरडे करावेत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईत काही जणांचा बंद मोटारीतच गुदमरून मृत्यू झाला. काचा आणि कुलपे विजेवर चालतात आणि पाण्यात ती साथ सोडू शकतात, म्हणून पाणी दरवाजापर्यंत येण्याआधी गाडी सोडावी आणि काच फोडण्याची छोटी हातोडी हाताशी ठेवावी.

भर पावसाळ्यात रोजची निगा थोडीच लागते, पण ती चुकवू नये. मॅट आठवड्यातून एकदा उचलून खाली हात फिरवून पाहावा. ओली छत्री आणि रेनकोट गाडीत ठेवू नयेत. कोकणात चार दिवस बंद राहिलेल्या गाडीच्या सीटवर बुरशीचा पांढरा थर आलेला पुष्कळांनी पाहिला असेल. काच धुरकट झाली तर एसी सुरू करून, बाहेरची हवा आत घेत, झोत काचेवर वळवावा. गाडी काही दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नये, कारण मागच्या ब्रेकच्या ड्रममधील लायनर गंजून चिकटतात. सपाट जागी गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावावेत. पाणी न सोडणारे प्लास्टिकचे आच्छादन या दिवसांत न घातलेलेच बरे, कारण आतील ओल बाहेर पडत नाही.

दसऱ्याला गाडी धुऊन, हळदकुंकू वाहून, झेंडूचा हार घालण्याची आपली रीत आहे, आणि पावसाळ्यानंतरच्या कामाला याहून सोयीचा मुहूर्त नाही. फक्त धुणे टपापासून नव्हे, तळापासून करावे. गाडी वर उचलून चाकांच्या कमानीत चार महिने थापली गेलेली तांबडी माती काढावी, त्याच वेळी शॉकअब्सॉर्बर, सांध्यांतील रबरी बुश आणि सायलेन्सर पाहून घ्यावेत, आणि खड्ड्यांनी बिघडलेले चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे. हार गाडीच्या पुढच्या जाळीवर बांधला असेल तर दुसऱ्या दिवशी काढावा. वाळलेल्या पाकळ्या आत जाऊन रेडिएटरवर बसतात. ओल्या कुंकवाचे बोट पांढऱ्या रंगावर लावले असेल तर तेही लगेच पुसावे.

उसाच्या पट्ट्यात तोडणी सुरू झाली की शेतातील उंदीर वस्तीकडे वळतात आणि उबदार बॉनेटखाली वायर कुरतडतात. डांबरगोळ्या, तंबाखूची पाने असे उपाय लोक करतात. माझा भर मात्र आठवड्यातून दोनदा बॉनेट उघडून पाहण्यावर आणि खाण्याचे कण गाडीत न ठेवण्यावर आहे.

हिवाळ्यासाठी आपल्याकडे फारसे करावे लागत नाही. निफाडला पारा कितीही खाली गेला तरी इंजिन गोठण्याचा प्रश्न येत नाही. सकाळी सुरू केल्यावर अर्धा मिनिट थांबून, पहिले दोन-तीन किलोमीटर हलक्या पायाने चालवले की पुरे. तपासायची ती बॅटरी. तिची हानी उन्हाळ्याने केलेली असते आणि थंडीत ती उघडी पडते. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास विद्युतदाब मिळाला तर ती पूर्ण भरलेली आहे, १२.४ च्या खाली मिळाला आणि वयही चार वर्षे झाले असेल तर बदलण्याचा विचार करावा. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा क्षार खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने काढून वर पेट्रोलियम जेली लावावी, आणि वायर काढताना आधी ऋण (−) टोकाची, लावताना शेवटी ऋण टोकाची हा क्रम ठेवावा. पिवळसर झालेल्या हेडलाइटच्या काचा पॉलिश करून घ्याव्यात, कारण याच दिवसांत धुके असते आणि मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या रात्री रस्त्यावर असतात.

होळीच्या आधी गाडीला वॅक्स करून ठेवावे. रंग पडलाच तर कोरड्या फडक्याने घासू नये, आधी भरपूर पाणी ओतून तो वाहू द्यावा. आणि त्याच दिवशी बॉनेट उघडलेलेच आहे तर कूलंटची पातळीही पाहून घ्यावी.