कॅमेऱ्याआधी कालनिर्णय: मुंबईतल्या हौशी फोटोग्राफरची तयारीची यादी

पक्षी, गाड्यांच्या शर्यती आणि तारे, अशी तिन्ही वेडं एकाच वेळी लागलेल्या मुंबईकराने तयारीला सुरुवात कपाटातल्या बॅगेपासून करू नये, भिंतीवरच्या कालनिर्णयपासून करावी. कोणती लेन्स घ्यायची, हे नंतर बघू. खाडीत पाणी किती वाजता, चंद्र किती वाजता आणि रविवारचा मेगाब्लॉक कुठल्या लाइनवर, हे आधी कळलं की अर्ध्याहून जास्त तयारी झाली म्हणायची. लेन्सवर हजारो रुपये खर्चून भर ओहोटीला खाडीवर पोहोचणारे आणि पौर्णिमेला आकाशगंगा शोधायला निघणारे लोक दर मोसमात भेटतात.

तर पहिलं काम भरतीचं. किनाऱ्यावरचा जुना हिशोब असा, की तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठ. पक्ष शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच, आणि दिवसातून दोनदा. हा अंदाज आहे, वीस-पंचवीस मिनिटं इकडे-तिकडे होतात, अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास तर थोडी जास्तच. म्हणून आदल्या रात्री मोबाइलवर भरतीचं कोष्टक पाहायचंच. पण महिन्याचं नियोजन करायला पाऊणकी पुरते.

फ्लेमिंगोंसाठी हे का महत्त्वाचं? ठाणे खाडीत ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि पक्षी खायला त्यावर दूरवर पसरतात. तेव्हा ३०० मिलिमीटरच्या लेन्समधूनही गुलाबी ठिपकेच मिळतात. पाणी चढायला लागलं की ते पक्ष्यांना काठाकडे ढकलत आणतं, आणि भरती पूर्ण झाली, चिखल बुडाला, की थवे उठून सीवूड्स-नेरूळच्या बाजूच्या पाणथळ जागांवर विसाव्याला जातात. म्हणजे खाडीवर काम होतं ते पूर्ण भरतीच्या आधीच्या दोन-अडीच तासांत. आता त्यात उजेड मिसळा. चतुर्थीला पाणी जवळ येईल भर दुपारी, डोक्यावरच्या उन्हात. दशमी-एकादशीला मात्र पाणी आणि कोवळं ऊन एकाच वेळी हजर असतात. माझ्या लेखी फ्लेमिंगोंची तिथी एकादशी.

दुसरं काम चंद्राचं. इथे कालनिर्णयने सोय करूनच ठेवली आहे. संकष्टीच्या चौकटीत चंद्रोदयाची वेळ छापलेली असते. त्यानंतर रोज साधारण पाऊण-पाऊण तास पुढे मोजत जा. वद्य एकादशीला चंद्र उगवायला रात्रीचे अडीच-तीन वाजतात, तोवर आकाश काळंभोर. म्हणजे शनिवार-रविवारला लागून वद्य एकादशी आली तर सकाळी फ्लेमिंगो आणि रात्री तारे, दोन्ही एका सुट्टीत बसतात. अशा एकादश्या वर्षाच्या सुरुवातीलाच लाल पेनाने गोल करून ठेवाव्यात. घरातल्या उपासवाल्यांना वाटेल, पोरगं सुधारलं. आणि तारे म्हणजे अमावास्याच, हाही हट्ट नको. पहाटेची आकाशगंगा टिपायची असेल तर शुद्ध पंचमीचा चंद्र अकराच्या आत-बाहेर मावळून गेलेला असतो. पुढची रात्र तुमचीच.

तिसरं, शर्यतीचं. त्याला तिथी लागत नाही, त्याचं पंचांग वेगळं. देशातल्या अधिकृत शर्यतींचं वेळापत्रक एफएमएससीआय ही मोटरस्पोर्टची राष्ट्रीय संघटना काढते, ते पाहून ठेवायचं. मुंबईत कायमची मोठी रेस ट्रॅक नाही. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईची ट्रॅक आणि कोइंबतूरची करी मोटर स्पीडवे, दोन्हीकडे जायचं तर रेल्वेचं आरक्षण हीच पहिली तयारी. घराजवळ पावसाळ्यात नवी मुंबईच्या बाजूला स्कूटर रॅली भरायची जुनी परंपरा आहे. चिखल, पाऊस आणि उडणारं पाणी, फोटोला सर्किटपेक्षा जास्त मसाला तिथे.

पण शर्यतीची खरी तयारी तिकिटाची नसते, हाताची असते. पॅनिंग म्हणजे गाडीच्या वेगाने कॅमेरा फिरवत शटर दाबणं. गाडी स्पष्ट आणि मागचं सगळं ओढल्यासारखं पुसट, असं चित्र त्यातून मिळतं. ही गोष्ट वाचून येत नाही. यासाठी मरीन ड्राइव्हसारखी शाळा नाही. संध्याकाळी कठड्याकडे पाठ करून रस्त्याकडे तोंड करा. सूर्य पाठीशी समुद्रावर, समोर चौपाटीकडे जाणाऱ्या गाड्या उजवीकडून डावीकडे, सगळ्यांवर सोनेरी ऊन. मोड शटर प्रायॉरिटी, म्हणजे शटरचा वेग आपण ठरवायचा आणि बाकीचं कॅमेऱ्यावर सोडायचं. फोकस सतत पाठलाग करणारा, शटर १/१२५ सेकंदापासून सुरू. काळी-पिवळी टॅक्सी, बेस्टची बस, दुधाच्या कॅनवाली बाइक, जे येईल ते टिपा. पाय जमिनीत रोवलेले, कोपर अंगाशी, वळायचं ते कमरेतून, आणि शटर दाबून झाल्यावरही कॅमेरा फिरताच ठेवायचा. इथेच बहुतेक जण चुकतात, क्लिक झालं की हात थांबतो. जमायला लागलं की १/६० वर या. शंभर फोटोंत पाच-सहा चांगले निघाले तर खूश व्हा. ट्रायपॉड घरीच राहू द्या. मरीन ड्राइव्हवर तो उभा केला की चौकशी सुरू होते आणि पॅनिंगला त्याचा उपयोगही फारसा नसतो.

ट्रॅकवर नवखे लोक हमखास १/२००० लावतात. त्यात चाकाच्या आऱ्या गोठतात आणि ताशी दोनशेने जाणारी गाडी पार्किंगमध्ये उभी असल्यासारखी दिसते. बाजूने जाणाऱ्या गाडीला १/१२५ ते १/२५०, समोरून अंगावर येणाऱ्या गाडीला १/१००० किंवा वर, एवढं कागदावर लिहून बॅगेच्या झाकणाला चिकटवा. प्रेक्षकांच्या बाजूला जाळी असते. लेन्स जाळीच्या जितकी जवळ नेता येईल तितकी न्या आणि ॲपर्चर, म्हणजे उजेड आत येण्याचं लेन्समधलं भोक, पूर्ण उघडा, जाळी विरघळून जाते. मातीच्या रॅलीत वळणाच्या बाहेरच्या बाजूला कधीही उभं राहायचं नाही, कारण घसरलेली गाडी तिकडेच येते. मार्शलची शिट्टी वाजली की फ्रेम कितीही सुंदर असो, मागे सरकायचं. यावर चर्चा नाही. कानात घालायला बोळे, धुळीसाठी रुमाल, आणि लेन्स शक्यतो बदलायचीच नाही. धुळीत सेन्सर उघडा टाकण्यापेक्षा एक झूम लेन्स लावून दिवस काढलेला बरा.

आता खाडीची बॅग. शिवडीचा धक्का हार्बर लाइनवरून चालत गाठता येतो, मात्र २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू सुरू झाल्यापासून तिथलं चित्र बदललं आहे. पूल आता फ्रेममध्ये येतो, तो घेऊनच चौकट रचायची. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोट निघते, तिची वेळ भरतीवर ठरते आणि नोंदणी आधी करावी लागते. ठाणे खाडीचा हा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये रामसर या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेला, तेव्हा नियम अभयारण्याचे आहेत हे ध्यानात असू द्या. पक्षी उडवण्यासाठी टाळ्या, दगड, आरडाओरडा नाही. ड्रोन तर नाहीच.

बोटीवर इंजिन थरथरत असतं, म्हणून कॅमेरा कठड्यावर टेकवू नका, हातातच धरा आणि शटर १/१००० च्या खाली आणू नका. फिकट पक्षी आणि मागे काळपट चिखल असं असलं की कॅमेऱ्याचं मीटर फसतं, चिखल उजळायला जातं आणि पक्ष्यांची पिसं पांढरी फटक पडतात. एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, पाऊण स्टॉप (उजेड मोजायची पायरी) खाली घ्या. मोठा आणि छोटा फ्लेमिंगो ओळखायला चोच बघा. मोठ्याची गुलाबी आणि टोकाला काळी, छोट्याची गडद लालसर. खारफुटीत डास भयंकर. ओडोमॉस लावा, पण लावल्यावर तळहात पुसून मगच कॅमेऱ्याला हात लावा. ते काचेवर आणि प्लॅस्टिकवर नको. घरी आल्यावर खारं वारं लागलेला कॅमेरा ओलसर मऊ फडक्याने आणि मग कोरड्याने पुसायचा.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाबद्दल थोडक्यात. बिबट्या मिळेल या आशेने जाऊ नका. पहाटे पक्षी आणि पावसाच्या तोंडावर फुलपाखरं, यासाठी जा. सोमवारी उद्यान बंद असतं. बीनबॅग, म्हणजे लेन्स टेकवायची छोटी उशी, शिवून ठेवा, जुन्या जीन्सच्या पायाची उत्तम होते. रिकामी घेऊन जा आणि ताडोब्यासारख्या ठिकाणी पोहोचल्यावर गावातून तांदूळ घेऊन भरा. जिप्सीच्या कडेला टेकवायला तिच्यासारखं काही नाही. घरट्याचे फोटो आणि मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणं, या दोन गोष्टी यादीतून कायमच्या खोडून टाका.

ताऱ्यांसाठी शहराबाहेर पडावंच लागतं. बदलापूरच्या पुढचं वांगणी हे मुंबईच्या आकाशप्रेमींचं जुनं ठिकाण. खगोल मंडळाचे रात्रभराचे कार्यक्रम तिथे होत आले आहेत. पहिल्यांदा जाणाऱ्याने अशा गटाबरोबरच जावं. सोबत असते, जागा माहितीतली असते आणि जिथे बोट दाखवतील तो तारा कुठला ते कळतं. आणखी काळोख हवा तर माळशेज, भंडारदरा. आकाशगंगेचा सर्वांत दाट भाग धनु आणि वृश्चिक यांच्या मध्ये असतो. फेब्रुवारीत तो पहाटे दिसतो, एप्रिलमध्ये मध्यरात्रीच्या सुमारास आग्नेयेला वर येऊ लागतो, मे महिन्यात त्याहून लवकर. जूनपासून ढग. म्हणजे आपल्याला खरा मोसम चार महिन्यांचाच. वांगणीहून आग्नेय दिशा मुंबईच्या उलट पडते, त्यामुळे शहराची पिवळी झळ पाठीमागे राहते. हिवाळ्यात मृग, व्याध, कृत्तिका आहेतच, आणि १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुनेतला उल्कावर्षाव.

सेटिंग घरीच करून बघा. लेन्स जितकी रुंद आणि ॲपर्चर जितकं मोठं तितकं चांगलं, पण साधी १८-५५ सुद्धा चालते. शटर किती सेकंद उघडं ठेवायचं, यासाठी ५०० ला लेन्सच्या मिलिमीटरने भागायचं. लहान सेन्सर असेल तर आधी मिलिमीटरला दीडने गुणायचं. अशा सेन्सरवर १८ मिलिमीटरला उत्तर येतं साडेअठरा सेकंद. मी १५ वरच थांबतो, हल्लीच्या सेन्सरवर तारे त्याच्यापुढे लांबट होतात. आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची सेन्सरची संवेदनशीलता, ३२०० पासून सुरुवात. फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने संस्कार न केलेली. ऑटोफोकस बंद, ट्रायपॉडवर असताना हाताची थरथर सावरणारं स्टॅबिलायझेशनही बंद. व्याध किंवा गुरू लाइव्ह व्ह्यूमध्ये मोठा करून, तो बारीकात बारीक ठिपका होईपर्यंत फोकस रिंग फिरवा आणि मग तिच्यावर चिकटपट्टी लावा. ताऱ्यांच्या गोल रेघा हव्या असतील तर ध्रुव शोधा. मुंबईच्या अक्षांशावर तो उत्तर क्षितिजापासून फक्त १९ अंशांवर, म्हणजे हात ताणून धरलेल्या दोन मुठींइतकाच वर असतो. उत्तरेला डोंगर असेल तर तो दिसणारच नाही, जागा त्या हिशेबाने निवडा.

रात्रीच्या पिशवीत लाल कागद लावलेली विजेरी, कारण काळोखाला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलच्या एका झोताने सगळं वाया जातं. बंद बूट हवेतच. उन्हाळी रात्री फुरसं, घोणस बाहेर असतात, चप्पल घालून शेताच्या बांधावर फिरू नका. शेत कुणाचं आहे ते विचारा आणि परवानगी घ्या. हिवाळ्यात लेन्सवर दव पडतं, दर थोड्या वेळाने विजेरी मारून काच बघा. पाणी, ठेपले, पत्ते. शेवटच्या कर्जत लोकलने गेलात तर पहाटेच्या लोकलपर्यंत परतीचं साधन नाही, हे घरी सांगून निघा. मेगाब्लॉकचं तर आधीच बोललो. आणि लोकलच्या गर्दीत बॅग पाठीवर नाही, पोटावर.

परत आल्यावरची कामं यादीत कुणी लिहीत नाही, पण मुंबईत तीच जास्त महत्त्वाची. एसी कॅबमधून दमट हवेत उतरलात की बॅग लगेच उघडू नका, काचेवर वाफ धरते; वीस मिनिटं तशीच बंद राहू द्या. लेन्स कपड्यांच्या कपाटात ठेवली तर पावसाळ्यात बुरशी ठरलेली. ड्राय कॅबिनेट परवडत नसेल तर घट्ट झाकणाचा मोठा प्लॅस्टिकचा डबा, त्यात ओलावा शोषणारं सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक, काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये. जेलचा रंग बदलला की ते मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतं. तांदळात कॅमेरा पुरायचा सल्ला कुणी दिला तर हसून सोडून द्या, पीठ आणि धूळ आत जाते. फोटो दोन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवून, उघडून पाहून मगच कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, बॅटऱ्या त्याच रात्री चार्जिंगला लावा, आणि बीनबॅगमधले तांदूळ काढून ठेवा, नाहीतर पुढच्या ट्रिपला पोरकिडे सोबत येतील.