अ‍ॅनिमल हाऊसच्या पशुवैद्याला उशिरा बोलावताय? या चुका टाळा

मी अ‍ॅनिमल हाऊसची, म्हणजे प्रयोगांसाठीचे प्राणी ठेवतात त्या जागेची, पशुवैद्य. सोमवारी सकाळी लोकलमध्ये असतानाच एका पीएचडीच्या मुलाचा फोन आला. "मॅडम, चार उंदीर मलूल आहेत, अँटिबायोटिक देऊ का?" जाऊन पाहिलं तर चौघं कोपऱ्यात अंग आखडून बसलेले, केस पिंजारलेले. पाण्याची बाटली मात्र काठोकाठ. शनिवारी भरली होती, सोमवारीही तेवढीच! तोटीत हवा अडकली होती, आणि रविवारच्या रकान्यात लिहिलं होतं, 'पाणी: आहे'. त्यांना त्वचेखाली सलाईन दिलं, ओला खाऊ ठेवला. बाटली लावली की तोटीच्या गोळीला बोट लावून थेंब येतो का ते बघा. भरलेली बाटली बघून निश्चिंत होऊ नका.

मनाने औषध तर नकोच. गिनीपिगला तोंडावाटे पेनिसिलिन गटातलं औषध दिलं, तर आतड्यातले चांगले जंतू मरून तो दगावू शकतो.

पण सगळ्यात महागात पडते ती चूक कागदावरची. संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीवर पशुवैद्य असावाच लागतो. तरी अनेकांना आमची आठवण येते ती समितीकडे प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज सादर करायच्या आदल्या दिवशी, सहीपुरती. अहो, प्रयोग आखतानाच विचारा. वेदनाशामक कोणतं, किती तासांनी, आणि प्राण्याचा त्रास किती वाढला की प्रयोग थांबवायचा? बऱ्याच ठिकाणी २० टक्के वजन घटलं की थांबतात. पण हा आकडा आधी ठरलेला हवा आणि वजन रोज करायला हवं. "पेनकिलरने निकाल बिघडतील" हे तर मी दर महिन्याला ऐकते. वेदनेनेही खाणं, झोप, हार्मोन्स बिघडतातच की! शक्य तिथे पहिला डोस चिरा देण्याआधीच द्या.

उंदीर दुखणं लपवतो, माणूस जवळ आला की जास्तच. त्यामुळे दोन पावलं लांब उभं राहून बघा: डोळे किलकिले, कान मागे, घरटं विस्कटलेलं. आणि शेपटीला धरून उचलू नका. ओंजळीत किंवा नळीत घेतलेला उंदीर कमी बिथरतो.

रक्ताचा हिशोबही लोक चुकतात. २५ ग्रॅमच्या उंदरात एकूण रक्त जेमतेम दोन मिलिलिटर. एका वेळी त्याचा दहावा हिस्सा, म्हणजे ०.२ मिलिलिटरच्या आत घ्यायचं आणि मग दोन आठवडे सुट्टी.

मुंबईचा पावसाळा हे वेगळंच प्रकरण. आपल्याकडच्या मार्गदर्शक सूचनांनुसार आर्द्रता ३० ते ७० टक्के हवी. जुलैत बाहेर ती सहज ८५च्या पुढे असते, आणि विजेचं बिल वाचवायला कुणी रात्री एसी बंद केला की पिंजऱ्यातलं बेडिंग (प्राण्यांखालचं अंथरूण) दमट होऊन अमोनिया साठतो. जनरेटर तळमजल्यावर असेल तर २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता.

हे सगळं आधी कळतं ते पिंजरे बदलणाऱ्या मामांना, पण त्यांना विचारतं कोण? गेल्या पावसाळ्यात भिंतीवरचा मीटर सगळं ठीक दाखवत होता. मामांनी दार उघडलं आणि म्हणाले, "मॅडम, आज वास डोळ्यांत जातोय."