मराठी मजकूर बिघडलेला दिसतो तेव्हा : फाँट बदलण्याआधी काय तपासावे

संगणकावर मराठी मजकूर बिघडलेला दिसला की बहुतेक जण थेट नवा फाँट शोधू लागतात. दोष फाँटमध्येच असतो असे नाही, आणि तो कोठे आहे हे बिघाडाच्या रूपावरून बहुधा ओळखता येते. म्हणून आधी तो मजकूर नोटपॅडमध्ये किंवा ब्राउझरमध्ये चिकटवून पाहावा. तेथे तो नीट दिसला, तर मजकूर शाबूत आहे आणि दुरुस्ती मूळ सॉफ्टवेअरमध्येच करायची आहे.

अक्षराच्या जागी रिकामा चौकोन येत असेल, तर वापरातल्या फाँटमध्ये ते अक्षर नाही. ‘ॲ’ युनिकोडमध्ये (सर्व लिप्यांच्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणाऱ्या प्रमाणित संकेतप्रणालीत) २००८ साली आला, त्यामुळे त्याआधीच्या फाँटमध्ये ‘ॲप’ लिहिले की चौकोन उमटू शकतो. नोटो सान्स देवनागरीसारखा फाँट बसवल्यास ही अडचण संपते. सगळीकडे रोमन अक्षरांचा गोंधळ दिसला, तर मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेला असण्याची शक्यता मोठी; त्याला त्याच फाँटसाठीचा परिवर्तक (कन्व्हर्टर) वापरून युनिकोडमध्ये आणावे. अक्षरांच्या जागी आलेली प्रश्नचिन्हे मात्र मजकूर जतन करतानाच नष्ट झाल्याची खूण असते. मूळ फाइल शोधून ती यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड मजकूर साठवण्याच्या पद्धतीत) पुन्हा जतन करण्याखेरीज त्यावर इलाज नाही.

वेलांटी व्यंजनाच्या चुकीच्या बाजूला जात असेल आणि जोडाक्षरे फुटून हलन्त दिसत असतील, तर सॉफ्टवेअर देवनागरीची जुळणी करत नाही. इनडिझाइन या पानांच्या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये पॅराग्राफ पॅनलच्या मेनूतून ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ निवडावा. वर्डमध्ये निवडलेला फाँट मराठीला लागू होत नसेल, तर फाँटच्या चौकटीत ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ या रकान्यातही तो निवडावा लागतो.

सर्वांत फसवी अडचण ‘दऱ्या’ आणि ‘तऱ्हा’ यांची आहे. हा अर्धा र दोन प्रकारे लिहिला जातो: एकात नुक्त्याचा (खाली टिंब असलेला) ‘ऱ’ आणि हलन्त असतो, तर दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारा जोडक (झिरो-विड्थ जॉइनर) असतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, परंतु एखाद्या सॉफ्टवेअरने तो अदृश्य जोडक गाळला की दुसऱ्या प्रकारातील ‘तऱ्हा’चा ‘तर्हा’ होतो. त्यामुळे नुक्त्याचा ‘ऱ’ वापरणे अधिक सुरक्षित आहे, असे माझे ठाम मत आहे. जुन्या मजकुरात शोधा-बदला करताना ‘र’, हलन्त आणि जोडक हा पूर्ण क्रम शोधावा आणि आधी प्रतीवर करून पाहावे, कारण काही सॉफ्टवेअर शोधताना जोडकाकडे दुर्लक्ष करतात, आणि मग ‘सूर्य’ व ‘कार्य’ यांचे रफारही बदलले जातात.

शेवटी मजकुराची भाषा तपासावी. नोटो सान्स देवनागरीत मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ आहेत, पण लिबरऑफिसमध्ये मजकुराची भाषा हिंदी राहिली, तर ती वळणे दिसत नाहीत. भाषा मराठी केली की त्याच फाँटमधून दोन्ही अक्षरे आपल्या वळणाने उमटतात.