जुनं रेनजॅकेट पाणी प्यायला लागलं, तर

जून उजाडला की विचारणा सुरू होते: जॅकेट गळतंय, नवीन हलकं कोणतं घेऊ? आधी कपाटातलं बाहेर काढा. बहुतेक वेळा ते गळत नसतंच. आतला जलरोधक थर शाबूत असतो, बाहेरच्या कापडावरचा पाणी झटकणारा लेप तेवढा निकामी झालेला असतो. मग कापड पाणी पितं, जॅकेट जड होतं, घामाची वाफ आतच कोंडते आणि घामाने भिजलेल्या माणसाला वाटतं, पावसाने भिजलो.

जॅकेट उलटं करून बघा. आतून चिकट लागतंय, पापुद्रे सुटताहेत? मग आतला पॉलियुरेथेनचा जलरोधक थर गेला, तो परत येत नाही. चेन आणि दोऱ्या दुरुस्तीसाठी काढून ठेवा. थर धड असेल तर पुढे वाचा.

चेन लावून, कोमट पाण्यात, जलरोधक कपड्यांसाठी मिळणाऱ्या द्रवाने धुवा. नेहमीची पावडर नको, कंडिशनर तर मुळीच नको. त्यांचा मागे राहिलेला अंश पाणी ओढून घेतो. फेस पूर्ण जाईपर्यंत खळबळा. मेणबत्ती घासायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. घाम बाहेर जायची वाट त्याने बुजते.

आता खरं काम. इथे मी दोन पावसाळे वाया घालवले. न धुतलेल्या जॅकेटवर पाणी झटकणाऱ्या लेपाचा स्प्रे मारला आणि कोंढाणे लेण्यांच्या वाटेने राजमाचीला निघालो. तासाभरात सॅकचे पट्टे घासतात तिथे जॅकेटचे खांदे ओलाव्याने काळपट दिसू लागले, पाणी कापडात मुरलं. पुढच्या वर्षी त्यावरच दुसरा थर दिला. तेच झालं. कमी पडत होती ती ऊब. धुण्याने मळ जातो, पण दबलेला जुना लेप पुन्हा उभा राहतो तो उष्णतेने. म्हणून नवीन काही लावण्याआधी वाळलेल्या जॅकेटला इस्त्री करा. आधी लेबल बघा. इस्त्रीवर फुली असेल तर हेअर ड्रायर वापरा. इस्त्री सगळ्यात कमी तापमानावर, वाफ बंद, मध्ये जुन्या धोतराचा तुकडा, आणि हात एका जागी थांबवायचा नाही. मी क्षणभर थांबलो होतो, त्या कफावर अजून चकचकीत डाग आहे. चेन आणि शिवणीवरच्या पट्ट्या टाळा.

मग नळाखाली धरा. थेंब मोत्यासारखे घरंगळले तर काम झालं, नव्या लेपाची बाटली विकत घ्यायचीच नाही.

नाहीच झालं, तर पीएफएएस (पाणी आणि तेल झटकणारी फ्लोरिनयुक्त रसायनं) नसलेला लेप घ्या. ही रसायनं निसर्गात जवळपास विघटित होत नाहीत. त्यातल्या पीएफओएवर 2019 मध्ये घातक रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करारात बंदीचा निर्णय झाला, आणि 2025 पासून कॅलिफोर्निया व न्यूयॉर्कने पीएफएएस असलेल्या बहुतेक नव्या कपड्यांची विक्री थांबवली. पीएफएएसविरहित लेप तेल अडवत नाही, त्यामुळे सनस्क्रीन आणि घामाने लवकर मंदावतो. जॅकेट जरा जास्त वेळा धुवावं लागतं, एवढंच. आपण ते पावसासाठी घालतो, तेलासाठी नाही. अस्तर असेल तर स्प्रेच घ्या, धुताना पाण्यात मिसळायचा लेप नको. वाळवणं आणि ऊब बाटलीवर सांगितल्याप्रमाणे.

आणि ट्रेकवरून परतलात की, कितीही दमला असाल, त्याच रात्री जॅकेट सॅकमधून काढून दोरीवर टाका. कोकणच्या दमट हवेत ओलं कोंबलेलं जॅकेट आतून चिकट व्हायला वेळ लागत नाही.