तीन पानं दिसली की हात मागे: न्यू जर्सीत नव्याने आलेल्यांसाठी

२००४ सालची हरतालिका. मला इथे येऊन जेमतेम दहा महिने झाले होते. आदल्या संध्याकाळी पत्री गोळा करायला मी अपार्टमेंटच्या मागच्या कुंपणापाशी गेले. कुंपणावर एक वेल चढली होती. हिरवीगार, तकतकीत, एका देठाला तीन-तीन पानं. इथे बेल कुठला मिळायला, पण त्रिदळ तर आहे, महादेवाला चालेल, असं मनाशी म्हणत मी ओंजळभर पानं खुडली, ओढणीत बांधली आणि दुसऱ्या दिवशी भक्तिभावाने वाहिली.

ती पॉयझन आयव्ही होती.

त्या दिवशी काहीच झालं नाही. गणपती बसले, गौरी आल्या, विसर्जन झालं. अनंत चतुर्दशी उलटून गेल्यावर मनगटांवर आणि बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली आणि बारीक पाणीदार फोड आले. डॉक्टरांनी विचारलं, दोन-तीन दिवसांत कशाला हात लावलात? मी म्हटलं, कशालाच नाही. आयुष्यात पहिल्यांदा ही वनस्पती लागली की अंगावर उठायला दोन-तीन आठवडेही लागू शकतात, हे मला माहीत नव्हतं. पुढच्या वेळी मात्र शरीर ओळखतं आणि बहुतेकांना एक-दोन दिवसांतच उठतं.

माझी पुढची वेळ दिवाळीत आली. ती ओढणी चांगली सिल्कची होती. हाताने हलकी धुवायची म्हणून मी ती नुसती झटकून, घडी घालून कपाटात ठेवली होती. पाडव्याला तीच गळ्याशी घेतली. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मानेवर, गालावर, कानामागे लालभडक चट्टे होते आणि डावा डोळा सुजून मिटला होता. अर्जंट केअरचं बिल आलं ते आमच्या महिन्याच्या भाड्याइतकं, कारण विम्याचं डिडक्टिबल, म्हणजे विमा पैसे द्यायला लागण्याआधी आपण स्वतः भरायची रक्कम, काय असतं हेही तोवर कुणी सांगितलं नव्हतं. शेवटी शेजारच्या अमेरिकन आजींनी मला हाताला धरून कुंपणापाशी नेलं, लांबूनच ती वेल दाखवली आणि विचारलं, ‘त्या दिवशी कपडे कुठले होते अंगावर?’ तेव्हा मला ओढणी आठवली.

गेल्या वीस वर्षांत आपल्या किती जणांना हेच होताना पाहिलं म्हणून हे लिहिते आहे. इथली मुलं शाळेत, स्काउटमध्ये ‘लीव्हज ऑफ थ्री, लेट इट बी’ असं पाठ करतात. या देशात लहान मुलांना शिकवतात, पण पस्तिशीत विमानातून उतरलेल्या माणसाला कुणी सांगत नाही. सगळ्यांना वाटतं, हे तर माहीतच असणार.

आपल्याकडे म्हणतात, पळसाला पानं तीनच. इथे अनेक झाडांना तीन आहेत, म्हणून नीट बघायला शिका. पॉयझन आयव्हीच्या तीन पानांतलं मधलं पान लांब देठावर असतं आणि बाजूची दोन जवळजवळ बिनदेठाची, मुख्य दांडीला चिकटून. बाजूच्या पानांना बऱ्याचदा एकेक खाच असते, हातमोज्याच्या अंगठ्यासारखी. पानांचे जोड फांदीवर समोरासमोर येत नाहीत, एक इकडे तर पुढचं तिकडे. काटे कधीच नसतात, त्यामुळे तीन पानं आणि काटे दिसले तर ती बहुधा ब्लॅकबेरी. पाच पानं एकत्र असतील तर ती व्हर्जिनिया क्रीपर. वसंतात कोवळी पानं तांबूस असतात, उन्हाळ्यात हिरवी, आणि शरदात अशी सुरेख लाल-केशरी होतात की दसऱ्याच्या तोरणात घालायचा मोह व्हावा. ही कधी जमिनीवर पसरते, कधी झुडूप होते, कधी झाडावर चढते. चढलेल्या जुन्या वेलीच्या खोडाला केसाळ मुळं फुटतात, जाड सुंभासारखी. पानं झडल्यावर जानेवारीतही त्या खोडाला हात लावायचा नाही, त्याच्यातही तेल असतं.

कुठे असते? जिथे झाडी संपते आणि मोकळी जागा सुरू होते तिथे. पार्किंगची कड, कुंपण, डेलावेअर-रॅरिटन कालव्याकाठची पायवाट, क्रिकेटच्या मैदानाची हद्द. घनदाट जंगलात जायची गरज नाही.

आता खरं काम. हे सगळं पानाचं नाही, तेलाचं प्रकरण आहे. त्या तेलाचं नाव उरुशिऑल, जपानी भाषेत लाखेसारख्या रोगणाला ‘उरुशी’ म्हणतात त्यावरून पडलेलं. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. पॉयझन आयव्ही आंबा, काजू आणि बिब्ब्याच्या कुळातली आहे. कोकणातल्या माणसाला आंब्याचा चीक ओठाला लागला की काय होतं ते ठाऊक आहे, आणि बिब्बा उतलेलं माणूस आपल्या आज्यांनी पाहिलेलं आहे. धोबी कपड्यांवर खूण करायला बिब्बा वापरत. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांना त्या खुणेपाशी, मानेवर नि कमरेवर पुरळ उठे. धुतलेल्या कपड्यावरच्या एका ठिपक्याने. कपड्यातलं तेल किती चिवट असतं हे यावरून ओळखा.

हे तेल दिसत नाही, त्याला वास नाही, आणि लागतं तेव्हा काही जाणवत नाही. म्हणून माणूस गाफील राहतो. दहापैकी आठ-नऊ जणांना त्याची ॲलर्जी असते. ‘आपली कातडी देशी आहे, आपल्याला काही होत नाही, हे अमेरिकनांचे चोचले’ असं म्हणणारे आपल्यात खूप आहेत. मला त्यांचा राग येतो, कारण त्यांचं ऐकून नवीन मुलं हात न धुता घरी येतात. शिवाय यंदा झालं नाही म्हणजे पुढच्या वर्षी होणार नाही असंही नाही.

शंका आली की लगेच धुवा. तेल काही मिनिटांत कातडीत मुरायला लागतं. दहा मिनिटांत धुतलंत तर उत्तम, तासाभराने धुतलंत तरी थोडा फायदा होतोच. कसं धुवायचं? फणस कापल्यावर हाताला चीक लागतो तो नुसत्या पाण्याने जातो का? तसंच हे. भांडी घासायचा साबण घ्या आणि ओल्या फडक्याने घासा. घासणं सगळ्यात महत्त्वाचं. साबण लावून हात फिरवलात आणि पाणी ओतलंत तर तेल जागच्या जागी राहतं. साबण, फडकं, धुणं, असं तीनदा करा आणि दर वेळी फडकं बदला. कोमट किंवा गार पाणी, कढत नको. नखांच्या खाली, अंगठीखाली, घड्याळाच्या पट्ट्याखाली विसरू नका. टबात बसून अंघोळ करू नका, शॉवरखाली उभं राहा. दुकानात टेकन्यू नावाचं द्रव मिळतं, तेही चांगलं, पण साध्या साबणाने नीट घासलंत तर त्यावाचून अडत नाही.

आणि खोबरेल तेल लावू नका. हे मी ठळक सांगते, कारण भारतात फोन केला की पहिला सल्ला तोच मिळतो. बिब्बा उतला की घरी खोबरं आणि तीळ चोळत, म्हणून आई तसं सांगते. पण ताज्या उरुशिऑलवर तेल चोळलंत की ते विरघळून बोटभर जागेचं हातभर होतं. आधी साबण. आईला वाईट वाटू देऊ नका, पण ऐकू नका.

आता कपडे. माझी चूक इथली, म्हणून पुन्हा पुन्हा सांगते. हे तेल कापडावर, चामड्यावर, अवजारांवर महिनोन्महिने टिकतं, कोरड्या जागी वर्षभराहूनही जास्त. वाळलं म्हणजे गेलं नाही. झटकलं म्हणजे गेलं नाही. कपाटात ठेवलं म्हणजे तर मुळीच गेलं नाही.

बाहेरून आल्यावर ते कपडे लाँड्रीच्या टोपलीत टाकू नका, कारण टोपलीतल्या बाकीच्या कपड्यांना, मुलांच्या कपड्यांनाही तेल लागतं. पलंगावर, सोफ्यावर ठेवू नका. हातमोजे घालून थेट मशीनमध्ये टाका. हातमोजे जाड व्हिनाइलचे घ्या, पातळ लेटेक्सच्या मोज्यातून हे तेल आत जातं. त्या कपड्यांबरोबर दुसरं काही धुवायला घालू नका, मशीन अर्धंच भरा म्हणजे पाणी खेळेल. सगळ्यात गरम पाणी, साबणाचं पूर्ण माप, आणि दोनदा धुवा. मग मशीन एकदा रिकामं, गरम पाणी आणि साबण घालून फिरवा. अपार्टमेंटमधलं मशीन सगळ्यांचं असतं, तिथे हे रिकामं फिरवणं तुमचं कर्तव्य आहे. दोन डॉलर जातात म्हणून टाळू नका, तुमच्यानंतर कुणाच्या तरी बाळाचे लंगोट त्यात पडणार आहेत. सिल्कची, हाताने धुवायची वस्त्रं हातमोजे घालून साबणाच्या पाण्यात दोन-तीनदा धुवा. ड्रायक्लीनला देणार असाल तर काउंटरवरच्या माणसाला आधी सांगा, तो उघड्या हातांनी घेतो.

बूट आणि बुटांच्या नाड्या तर सगळेच विसरतात. नाड्या काढून कपड्यांबरोबर धुवा, बूट हातमोजे घालून साबणाच्या फडक्याने पुसा, तळवेसुद्धा. कोल्हापुरी घालून पायवाटेवर जाऊच नका. ते चामडं तेल पितं आणि धुता येत नाही. मोबाइल, गाडीची किल्ली, स्टिअरिंग, पाठीवरच्या पिशवीचे पट्टे रबिंग अल्कोहोलने पुसा. कुत्रा असेल तर त्याला सहसा काही होत नाही, पण त्याच्या केसांवरून तेल तुमच्या हाताला लागतं. हातमोजे घालून त्यालाही साबणाने अंघोळ घाला.

क्रिकेट खेळणाऱ्या मुलांसाठी वेगळं सांगते. हद्दीबाहेर चेंडू झाडीत जातो, एकजण आत शिरून शोधून आणतो आणि मग तो चेंडू अकरा जणांच्या हातांतून फिरतो, गोलंदाज तो पँटवर घासतो, मग कपाळाचा घाम पुसतो. टेनिस बॉलची लव तेल धरून ठेवते. मी एकाच रविवारच्या सामन्यानंतर पाच मुलांना फोड आलेले पाहिले, त्यातला एकच झाडीत गेला होता. त्या वेलीत गेलेला चेंडू सोडून द्या.

आईबाबा उन्हाळ्यात येतात तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांना ही वनस्पती दाखवा. ते रोज फिरायला जातात, पूजेला फुलं-पानं खुडतात, आणि साडीचा काठ किंवा लेंगा कडेच्या गवतातून घासत जातो. माझ्या सासूबाईंना मी दाखवलं होतं, त्यांनी नंतर फिरायच्या गटातल्या सगळ्या आज्यांना दाखवलं.

अंगावर उठलंच तर घाबरू नका. एक ते तीन आठवड्यांत जातं. फोडातलं पाणी लागून ते पसरत नाही आणि माणसाकडून माणसाला होत नाही. खोलीतल्या मित्राचा टॉवेल, ताट वेगळं काढून त्याला कांजिण्या झाल्यासारखं वागवणं मी पाहिलं आहे, तसं करू नका. नवे चट्टे उशिरा येतात ते तिथे तेल कमी लागलं होतं किंवा कातडी जाड आहे म्हणून. तरीही रोज नवे येत असतील तर घरात कुठली तरी वस्तू अजून तेलकट आहे. ती शोधा. खाजेसाठी गार पाण्याच्या पट्ट्या, कॅलामाइन, १ टक्का हायड्रोकॉर्टिझोन. चेहरा, डोळे, नाजूक जागा, ताप, पू यातलं काही असेल तर डॉक्टरकडे जा. स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या तर किती दिवसांच्या ते विचारा. मला सहा दिवसांच्या गोळ्यांची पट्टी मिळाली होती, सातव्या दिवशी सगळं दुप्पट होऊन परत आलं. नंतरच्या डॉक्टरांनी तीन आठवडे हळूहळू कमी करत दिल्या तेव्हा थांबलं.

घर घेतलंत आणि मागच्या अंगणात ही वेल निघाली तर जाळू नका. कधीही नाही. धुरातून तेल फुफ्फुसांत जातं आणि माणूस हॉस्पिटलात पोचतो. गवत कापायच्या दोरीच्या यंत्रानेही कापू नका, चीक पायांवर उडतो. जाणकार माणूस बोलवा.

एकदा हे झालं की आंब्याची साल सांभाळा. गर बहुतेकांना चालतो, पण सालीत तशाच जातीचं तेल असतं. मी आता रायवळसुद्धा चोखून खात नाही, दुसऱ्या कुणाकडून साल काढून घेऊन फोडी खाते.

आणि पत्रीसाठी कुंपणापाशी जाऊ नका. खिडकीतल्या कुंडीतली तुळस, जास्वंदीची पानं, गुलाबाची पानं, अंगणातल्या दूर्वा, एवढं पुरतं. माझ्या हरतालिकेला २००५ पासून हेच असतं.