अनोळखी कंपनीचा जुना चिपर घेताना काय तपासावं

फांद्यांचा भुगा करणारा जुना चिपर स्वस्तात मिळतोय, पण कंपनीचं नाव कधी ऐकलेलं नाही. अशा वेळी नावापेक्षा सुट्या भागांकडे बघा. असली यंत्रं बहुतेक एखाद्या छोट्या फॅब्रिकेशनवाल्याने बनवलेली असतात, नाहीतर चीनहून आणून वर आपलं स्टिकर चिकटवलेलं असतं. बेअरिंग, बेल्ट, पुली, इंजिन हा सगळा बाजारात मिळणारा माल. त्या कंपनीचं खास असं काय, तर रोटर (पाती बसवलेला फिरणारा जड भाग) आणि पाती. म्हणून तपासणीचा निम्मा वेळ तिथेच घालवा.

आधी फोनवर मालकाकडून तीन फोटो मागवा: बेअरिंगच्या घरावरचा नंबर, बेल्टवरचा नंबर आणि इंजिनाची पाटी. बेअरिंगवर ‘यूसीपी २०८’ असेल तर शाफ्ट ४० मिलिमीटरचा, ‘२१०’ असेल तर ५० चा. शेवटच्या दोन आकड्यांना ५ ने गुणायचं, की झालं. बेल्टवर ‘बी ५६’ म्हणजे बी सेक्शन (बेल्टच्या रुंदी-जाडीचा प्रकार), आतली लांबी ५६ इंच. हे कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतं. पेट्रोल इंजिन १६८एफ किंवा १८८एफ जातीचं असेल तर कार्बोरेटर, कॉइल, रिकॉइलची दोरी यासाठी अडत नाही.

यंत्र बघायला जाताना मालकाला सांगून ठेवा की आधी चालू करून ठेवू नका. गेल्यागेल्या इंजिनाला हात लावा. गरम लागलं तर थंड सुरुवातीची अडचण लपवली जातेय, असं धरून चाला. निळा धूर सुरू झाल्यावर थांबतच नसेल तर इंजिन ऑइल खातंय. डिझेलचा काळा धूर मात्र नुसता एअर फिल्टर चोंदल्यानेही येतो, त्यावरून घाबरू नका.

आता रोटर. इंजिन बंद, प्लगची वायर काढलेली; ट्रॅक्टरवरचा असेल तर पीटीओ शाफ्ट (ट्रॅक्टरच्या मागून यंत्राला ताकद देणारा दांडा) सोडवलेला आणि चावी खिशात. बंद केल्यावरही जड रोटर बराच वेळ फिरत राहतो, तो पूर्ण थांबल्याशिवाय झाकण उघडू नका. मग पहार शाफ्टखाली घालून हलकं उचला. टकटक जाणवली तर बेअरिंग गेलं. बेअरिंग बदलता येतं, पण तिथे शाफ्टच झिजला असेल तर वेल्डिंगने भरून लेथवर टर्निंग करावं लागतं आणि खर्च वाढतो. बेअरिंग जिथे बसतं त्या पट्टीची वेल्डिंग बॅटरीच्या उजेडात बघा. जुन्या यंत्रावर तेवढ्याच भागाला ताजा रंग दिसला तर तो खरवडायला सांगा. मालक नको म्हणाला तर तिथेच परत फिरावं.

पाती नीट बघा. धारेवर निळी-जांभळी झाक दिसली तर ग्राइंडरवर धार लावताना पातं तापून टेम्पर, म्हणजे पोलादाचा कडकपणा, गेलंय. असं पातं लवकर बोथट होतं. पात्यांची रुंदी पट्टीने मोजा. सगळी सारखी हवीत, कारण एक जास्त घासलेलं असेल तर रोटरचा तोल जातो, यंत्र थरथरतं आणि नवं बेअरिंगही टिकत नाही. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ हा मजबुतीचा आकडा कोरलेला असावा. साधा बोल्ट घातलेला दिसला तर तो मालक निष्काळजी समजा, बाकी यंत्रही त्याच नजरेने तपासा.

फिरतं पातं आणि समोरचं स्थिर पातं यांतलं अंतर साधारण १ ते २ मिलिमीटर हवं. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) नसेल तर एटीएम कार्ड घ्या, ते पाऊण मिलिमीटर जाड असतं. रोटर लाकडी ठोकळ्याने अडवून ठेवा. एक कार्ड सहज गेलं आणि दोन घासत गेली तर ठीक. तीन आरामात गेली तर बघा की स्थिर पातं पुढे सरकवायला जागा उरलीय का. अंतर वाढलं की फांदी कापली न जाता चेचली जाते.

चाचणीसाठी लाकूड आपलंच न्या: आंब्याची ओली फांदी, बाभळीची वाळलेली आणि नारळाची झावळी. पाटीवर फांदीची जाडी ४ इंच लिहिलेली असली तरी वाळक्या बाभळीला ते लागू होईलच असं नाही. बाहेर पडलेला चुरा तळहातावर घेऊन बघा. कडा स्वच्छ कापलेल्या असाव्यात. लांब तंतू, सालीच्या दोऱ्या आणि पिठासारखी धूळ निघत असेल तर धार तरी गेलीय किंवा अंतर तरी वाढलंय. झावळीचे धागे शाफ्टला गुंडाळले जात असतील तर कोकणातल्या बागेसाठी हे यंत्र घेऊ नका.

पीटीओवरचा असेल तर ५४० आरपीएमचा, ६ दात्यांचा शाफ्ट आहे ना, प्लास्टिकचं कव्हर आणि शीअर बोल्ट (यंत्र अडकलं की आधी स्वतः तुटणारा मऊ बोल्ट) जागेवर आहेत ना, ते बघा. शीअर बोल्टच्या जागी कडक बोल्ट ठोकलेला असेल तर यंत्र अडकल्यावर गिअरबॉक्सने मार खाल्लेला असणार. फांदी घालायचं तोंड आखूड करून घेतलेलं यंत्र फुकट मिळालं तरी नको, हात पात्यापर्यंत पोचतो.

मूळ बिल मागाच. अनुदानावर घेतलेलं यंत्र ठरावीक मुदतीआधी विकता येत नाही, म्हणून बिलाची तारीख बघा. भाव करताना पात्यांचा नवा संच, दोन बेअरिंग आणि बेल्ट यांची किंमत आधीच दुकानातून विचारून या आणि ती रकमेतून वजा करा. खरड छाटणी किंवा गोडी छाटणी, म्हणजे द्राक्षाच्या वर्षातल्या दोन छाटण्यांपैकी एखादी, तोंडावर आली की द्राक्ष पट्ट्यात मालक भाव सोडत नाहीत.

व्यवहार ठरला की टेम्पोत चढवण्याआधी एक पातं काढून जाड पुठ्ठ्यावर ठेवा, पेन्सिलने बाहेरून आकार आणि आतून बोल्टची भोकं आखून घ्या. जाडी आणि धारेचा कोन बाजूला लिहा. कंपनी उद्या बंद पडली तरी या पुठ्ठ्यावरून टूलरूमवाला पाती बनवून देतो.